सळईवरचा ‘५००’ हा आकडा नेमके काय सांगतो?

तालुक्याच्या गावात शिरताना रस्त्याकडेला ज्या जाहिराती दिसतात, त्यांत सिमेंटच्या खालोखाल सळईच्या असतात. कोणी पैलवान किंवा खेळाडू सळई हातात धरून उभा असतो आणि त्याच्या पायाशी ‘एफई ५००’, ‘एफई ५०० डी’, ‘एफई ५५०’ अशी अक्षरे असतात. घर बांधायला काढलेला माणूस दुकानात जाऊन बहुधा एकच प्रश्न विचारतो, की यातली सर्वांत मजबूत कोणती. आणि त्याला बहुधा सर्वांत मोठ्या आकड्याची सळई दाखवली जाते. जालन्यासारखे शहर सळईच्या ज्या धंद्यासाठी राज्यभर ओळखले जाते, त्या धंद्याचा माल आपण आयुष्यात एकदाच, पण लाखांच्या घरात खरेदी करतो, आणि तो कशाच्या आधारे निवडायचा हे आपल्याला ठाऊक नसते. तो आकडा खोटा नसतो. तो अर्धवट असतो, आणि उरलेले अर्धे त्याच्या मागे येणाऱ्या, किंवा न येणाऱ्या, ‘डी’ या अक्षरात असते.

आकड्याचा अर्थ

‘एफई’ म्हणजे लोखंडाची रासायनिक खूण. ५०० हा आकडा प्रतिबलाचा आहे. शाळेच्या विज्ञानात हा शब्द येऊन गेलेला असतो: लावलेले बळ भागिले ज्यावर ते लावले आहे ते क्षेत्रफळ, म्हणजे प्रतिबल. भागाकार कशासाठी, तर जाड दोर बारीक दोरापेक्षा जास्त वजन पेलतो यात दोराच्या सुताचे कर्तृत्व काही नाही. सूत कसे आहे हे कळायला जाडी बाजूला काढावी लागते. सळईच्या दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन बळ सोसते हे हा आकडा सांगतो, आणि एक न्यूटन म्हणजे ढोबळ मानाने १०० ग्रॅम वजनाची ओढ.

१२ मिमी सळईच्या कापाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मिमी भरते. त्याला ५०० ने गुणले की ५६,५०० न्यूटन होतात, म्हणजे जवळजवळ पावणेसहा टन. करंगळीएवढ्या सळईला चार-पाच मोटारगाड्या टांगल्या तरी ती हा आकडा ओलांडणार नाही. मात्र आकडा ओलांडला की सळई तुटते, असा याचा अर्थ नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच सुरू होतो, म्हणून प्रयोगशाळेतल्या यंत्रापाशी थोडे थांबायला हवे.

यंत्रात सळई घातल्यावर

ज्या यंत्राला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपासून ठेकेदारांपर्यंत सगळे ‘यूटीएम’ म्हणतात, त्याचे काम अगदी साधे आहे: सळईची दोन टोके दोन जबड्यांत पकडायची आणि जबडे एकमेकांपासून हळूहळू दूर न्यायचे. त्याआधी सळईच्या तुकड्यावर व्यासाच्या पाचपट अंतरावर दोन खुणा करतात. १२ मिमीच्या सळईवर हे अंतर ६० मिमी येते.

पहिल्या टप्प्यात भार चढत जातो आणि सळई भाराच्या प्रमाणात, डोळ्याला दिसणार नाही इतकी, लांबते. भार काढला तर ती पूर्ववत होते. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये जो नियम जाहीर केला, ‘जितकी ओढ तितका ताण’, तो हाच. (दोन वर्षे आधी त्याने तो अक्षरांची उलथापालथ करून कोड्याच्या रूपात छापला होता, म्हणजे श्रेय आपले राहावे आणि गुपितही.)

मग एक क्षण येतो, जेव्हा जुन्या तबकडीच्या यंत्रावर भार दाखवणारा काटा चढता चढता थबकतो. यंत्र ओढतच असते, सळई लांबतच असते, पण भार वाढत नाही. सळईवरची काळसर खपली तडकून खाली पडू लागते. या घटकेपासून सळईत झालेला बदल कायमचा असतो. भार काढला तरी ती मूळ लांबीवर येत नाही. यालाच यील्ड म्हणतात, आणि सळईवरचा ५०० हा आकडा या घटनेचा आहे, तुटण्याचा नव्हे. काही सळयांत काटा असा थबकत नाही. पूर्वी ‘टॉर’ नावाने विकल्या जाणाऱ्या, थंड असताना पीळ दिलेल्या सळया तशा होत्या. अशा वेळी लांबीत ०.२ टक्के कायमची वाढ ज्या प्रतिबलाला होते, तेच यील्ड धरायचे असा संकेत आहे.

थबकलेला काटा पुन्हा चढू लागतो. सळई आता आधीपेक्षा कडक झालेली असते आणि जास्त भार मागते. शेवटी भार कमाल पातळी गाठतो, आणि त्यानंतर सळई एका जागी बारीक होऊ लागते. पोळीच्या कणकेचा गोळा दोन्ही हातांनी सावकाश ओढला की मध्ये जशी मान तयार होते, हुबेहूब तशी. त्या मानेवर मोठा आवाज होऊन सळई तुटते. तुटलेले दोन तुकडे जोडून खुणांमधले अंतर पुन्हा मोजतात. ६० चे ७० मिमी झाले असेल तर लांबीत सुमारे १६.७ टक्के वाढ झाली. सळईच्या चाचणीच्या प्रमाणपत्रावर ‘इलाँगेशन’ या नावाने छापलेला आकडा तो हाच. इथे त्याला लांबीवाढ म्हणू.

म्हणजे एका तुकड्याच्या बलिदानातून तीन गोष्टी हाती लागल्या: यील्ड, कमाल ताकद आणि लांबीवाढ. जाहिरातीत यांतली फक्त पहिली असते.

लोखंड लांबते म्हणजे आत काय होते?

धातूचे अणू ओळीने रचलेले असतात. एका थराने दुसऱ्यावरून सबंधच्या सबंध सरकायचे म्हटले, तर हिशेबाने जितके बळ लागायला हवे, त्याच्या कितीतरी कमी बळात खरा धातू शरण येतो. हे कोडे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे सोडवले. मंगल कार्यालयातली मोठी सतरंजी हातभर सरकवायची आहे असे समजा. एका टोकाला धरून ओढली तर चार माणसे लागतील. पण एका कडेला चुणी पाडून ती चुणी पायाने दुसऱ्या कडेपर्यंत ढकलत नेली, तर एकटा माणूस सतरंजी सरकवू शकतो. धातूच्या स्फटिकांत रचनेच्या चुका असतात, आणि त्या अशाच चुण्यांसारख्या सरकतात.

धातू ताणला की या चुण्या वाढतात, एकमेकींत अडकतात, आणि पुढे सरकायला जास्त बळ लागते. यील्डनंतर काटा पुन्हा का चढतो, याचे उत्तर हे आहे. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर ही गोष्ट हाताने जाणतात: भट्टीत तापवून मऊ केलेल्या तांब्यावर मठारकामाचे ठोके बसत जातात तसे भांडे कडक होत जाते. ठोक्यांच्या त्या गोल खुणा शोभेच्या वाटतात, पण पातळ पत्र्याला ताठपणा त्यांनीच येतो. बांधकामावरची बारीक तार एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिले की आधी कडक होते आणि मग तुटते, हा अनुभव तर प्रत्येकाचा आहे. कडकपणा मिळतो तो लांबण्याची शिल्लक खर्च करून, एवढे लक्षात ठेवावे. पुढे त्याचेच काम आहे.

टीएमटी (थर्मो-मेकॅनिकल ट्रीटमेंट, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेल्या) सळईत हा व्यवहार चतुराईने केलेला असतो. लालबुंद सळईवर पाण्याचे जोरदार फवारे मारून फक्त बाहेरचे कडे कठीण करतात, आतला गाभा मऊ राहतो, आणि गाभ्यातली उष्णता बाहेर येताना त्या कड्याचा ठिसूळपणा घालवते. म्हणूनच अशी सळई साइटवर तापवून वाकवू नये. मिळवलेले कडे तिथे वाया जाते.

मोठ्या आकड्याची सळई घातली तर स्लॅब कमी वाकेल का?

नाही. हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज आहे. यील्डच्या आधी सळई भाराला किती लांबते हे पोलादाच्या जातीवर जवळजवळ अवलंबूनच नसते. साधी सळई असो की ५५० ची, हा ताठपणा सुमारे २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी इतकाच राहतो. यील्ड झाली नसेल तर ५०० च्या प्रतिबलाला एक मीटर सळई अडीच मिलिमीटर लांबते, मग तिच्यावर कोणताही शिक्का असो.

उलट, ताकद जास्त आहे म्हणून आराखड्यात सळया कमी केल्या, तर प्रत्येक सळईवर रोजचे प्रतिबल जास्त येते, ती जास्त लांबते, आणि काँक्रीटमधल्या बारीक भेगा रुंद होण्याकडे कल राहतो. काँक्रीट दाबाला भक्कम आणि ओढीला दुबळे असते. ओढीची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा धरतात. बीमच्या खालच्या अंगाला ओढ येते आणि तिथे सळई असते ती याचसाठी.

पण ताकद जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, हे तर खरे ना?

रोजच्या भाराला खरे. भूकंपाला नाही, आणि इथे ‘डी’ या अक्षराचे महत्त्व कळते.

भूकंपात इमारतीवर ठरावीक वजन येत नाही, हादऱ्याची ऊर्जा येते, आणि ती कुठेतरी जिरावी लागते. सळई यील्ड होऊन लांबते तेव्हा ती ऊर्जा पिते. जितकी लांबण्याची शिल्लक मोठी, तितकी पिण्याची क्षमता मोठी. ‘डी’ हे अक्षर तन्यतेचे, म्हणजे इंग्रजी ‘डक्टिलिटी’चे. विज्ञानाच्या पुस्तकात तन्यता म्हणजे तार काढता येण्याचा गुण असे शिकवतात. इमारतीच्या बाबतीत तन्यता म्हणजे कोसळण्याआधी वाकत राहण्याचा, आणि आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ देण्याचा गुण. ठिसूळ वस्तू हा वेळ देत नाही. खडू वाकत नाही, मोडतो.

सळईसाठीचे भारतीय मानक १७८६ क्रमांकाचे आहे. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत ५०० च्या सळईला किमान १२ टक्के लांबीवाढ मागितली आहे, तर ५०० डी ला १६ टक्के. ५५० ला १० टक्के पुरते, ५५० डी ला १४.५ टक्के लागतात. म्हणजे दुकानात वरचढ म्हणून दिली जाणारी साधी ५५० ची सळई या बाबतीत ५०० डी च्या बरीच मागे राहिली तरी मानकाला चालते. ‘डी’ मध्ये गंधक आणि स्फुरद यांचे प्रमाणही अधिक कडकपणे मर्यादित केलेले असते, कारण ही दोन्ही मूलद्रव्ये पोलाद ठिसूळ करतात. शिवाय ‘डी’ सळयांना आणखी एक अट आहे: भार कमाल पातळीवर असताना, म्हणजे मान पडण्याच्या आधी, सळई किमान ५ टक्के लांबलेली असली पाहिजे. ही अट मला सर्वांत शहाणी वाटते. ६० मिमीवर मोजलेल्या लांबीवाढीत मानेपाशी झालेला मोठा ताण मिसळलेला असतो. हे ५ टक्के मात्र सळईभर पसरलेले असतात. मीटरभर सळईत ते ५० मिमी होतात, ५०० च्या प्रतिबलाला होणाऱ्या अडीच मिमीच्या वीसपट.

ताण पसरण्याचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा. काँक्रीटला जिथे भेग पडते तिथे सळईवर सर्वांत जास्त ओढ येते. ती तिथे यील्ड झाली, पण त्याबरोबर कडकही होत गेली, तर आता शेजारच्या भागावर यील्ड होण्याची पाळी येते, मग त्याच्या शेजारच्या. सळई कडक झालीच नाही, तर सगळी ओढ एकाच भेगेवर येऊन बसते आणि तिथेच निकाल लागतो. म्हणून यील्ड आणि कमाल ताकद यांच्यात पुरेसे अंतर असावे लागते. त्याच मानकात ५०० साठी हे अंतर किमान ८ टक्के, ५०० डी साठी १० टक्के आणि साध्या ५५० साठी ६ टक्के ठेवले आहे.

जास्त मजबूत सळई नाकारायची?

हो, कधी कधी. भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाचे १३९२० क्रमांकाचे मानक आहे. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत, चौकटीत वापरायच्या सळईचे प्रत्यक्ष यील्ड नावाच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त असू नये अशी अट आहे. म्हणजे ५०० च्या सळईचे यील्ड ६०० च्या वर गेले, तर ती या कामासाठी बाद. त्याखेरीज कमाल ताकद प्रत्यक्ष यील्डच्या किमान १.१५ पट असावी लागते, आणि ५०० व ५५० च्या सळयांची लांबीवाढ १४.५ टक्क्यांहून जास्त.

पैसे मोजून ५०० घेतले आणि ६२० मिळाले, तर तक्रार कसली, असे कोणालाही वाटेल. इथे घरातल्या फ्यूजची आठवण करावी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे महाभाग प्रत्येक आळीत असत. फ्यूज उडणे थांबायचे खरे, पण मग भिंतीतली वायर जळायची. इमारतीच्या आराखड्यात बीम हा फ्यूज असतो. मोठ्या हादऱ्यात आधी बीमच्या टोकांनी यील्ड व्हावे आणि कॉलम शाबूत राहावेत, असा हिशेब केलेला असतो, कारण बीम वाकला तर एक मजला बिघडतो आणि कॉलम गेला तर वरचे सगळे खाली येते. बीममधली सळई हिशेबापेक्षा फार मजबूत निघाली, तर बीम वाकायला तयार होत नाही आणि पाळी कॉलमवर येते.

हे सारे महाराष्ट्रात कशाला, असे म्हणायला जागा नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही आपल्या नकाशावरचे आहेत. किल्लारीत पडली ती मुख्यतः दगड-मातीची घरे होती, सळईचा तिथे प्रश्न नव्हता. पण त्यानंतर आपण गावोगावी बांधली ती कॉलम-बीमची घरे. भूकंपाचे विभाग ठरवणाऱ्या २०१६ च्या वेगळ्या मानकानुसार मुंबई आणि पुणे तिसऱ्या विभागात येतात आणि कोयनेचा परिसर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, विभागात.

मिस्त्री वाकवून बघतो, तेवढे पुरे नाही का?

सळई वाकवून तिला तडे जातात का ते पाहणे ही खरीच चाचणी आहे आणि मानकातही ती आहे. पण ती फक्त ठिसूळपणा पकडते. यील्ड ४०० आहे की ५२०, हे हाताला कळत नाही. डोळ्याचा आणि अनुभवाचा भरवसा कुठे संपतो, हे एकोणिसाव्या शतकात लंडनच्या डेव्हिड कर्कल्डीने ओळखले होते. साउथवर्क स्ट्रीटवरच्या ९९ क्रमांकाच्या इमारतीत १८७४ पासून त्याची चाचणीशाळा होती आणि दारावर कोरले होते: मते नव्हे, वस्तुस्थिती. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल गाडीसकट कोसळला, तेव्हा त्याचे लोखंड याच कर्कल्डीकडे आले. पुलाच्या कॉलमना तिरप्या पट्ट्या जोडणारे बिडाचे कान त्याच्या यंत्रात अपेक्षेपेक्षा खूपच कमी भाराला तुटले. बीड हा खडूच्या जातीचा धातू, ओढीसमोर वाकणे त्याला माहीत नाही.

यंत्रातल्या ओढीच्या चाचणीलाही मर्यादा आहेत. पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने होणारा थकवा, अचानक बसणारा आघात किंवा कोकणच्या खाऱ्या हवेतला गंज यांविषयी ती काही बोलत नाही.

एक पळवाट तर तिच्या पद्धतीतच आहे. सळईवर आडव्या धारा असल्यामुळे तिचा व्यास पट्टीने नीट मोजता येत नाही, म्हणून प्रयोगशाळा वजनावरून क्षेत्रफळ काढते आणि त्याने भाराला भागते. परिणामी १२ मिमी म्हणून विकलेली सळई वजनाला हलकी असली, तरी प्रतिबल ५०० च्या वर येऊ शकते. पोलाद चांगले आहे, फक्त कमी आहे. यंत्र खोटे बोलत नाही, पण आपल्या बीमला मिळणारे बळ तेवढे घटते. यावरचा उपाय वजनकाट्यावर आहे. मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरचे वजन किलोत मिळते: १२ साठी ०.८८८, १६ साठी १.५८. १० च्या वरच्या आणि १६ मिमीपर्यंतच्या सळयांच्या लॉटला ५ टक्के फरक चालतो. बारा मीटरची १२ मिमी सळई सुमारे १०.६५ किलो भरली पाहिजे. ती साडेनऊ किलोच भरली, तर पुढचे बोलणे दुकानदाराशीच करावे.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

५०० डी च्या दोन लॉटची दोन कल्पित प्रमाणपत्रे समोर ठेवू. पहिल्यावर यील्ड ६२०, कमाल ताकद ६९०, लांबीवाढ १७ टक्के. दुसऱ्यावर यील्ड ५४०, कमाल ताकद ६४०, लांबीवाढ १९ टक्के. सळईच्या मानकाच्या या तिन्ही अटींवर दोन्ही उत्तीर्ण आहेत. पहिल्यातही कमाल ताकद यील्डपेक्षा ११ टक्क्यांनी जास्त आहे आणि अट १० टक्क्यांची आहे. पण भूकंपाच्या मानकाला पहिल्याचे यील्ड ६०० च्या वर गेलेले चालत नाही, आणि ६९० भागिले ६२० हे १.११ येते, १.१५ नव्हे. दुसऱ्याचा भागाकार १.१९ येतो. बीम-कॉलमच्या चौकटीसाठी इंजिनिअर दुसरा लॉट उतरवून घेईल आणि पहिला परत पाठवील, जरी दुकानात त्याच पहिल्या सळईची ओळख ‘साहेब, पाचशेच्या भावात सहाशे वीस’ अशी करून दिली गेली असली तरी.